हरलेल्या न्यायाधीशाबद्दल

मुंबईच्या जुन्या कोर्टाचा विषय निघाला की मी सर जॉन पीटर ग्रँट यांच्यापाशी अडतो, आणि मग हमखास विचारणा होते: जो माणूस शेवटी हरला, त्याचं एवढं काय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

ग्रँट हे स्कॉटलंडमधल्या रोथीमर्कसचे जमीनदार. पार्लमेंटात बसले, कर्जात बुडाले आणि १८२८ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश होऊन आले.

त्याच साली मोरो रघुनाथचं प्रकरण उभं राहिलं. पोर जेमतेम चौदा वर्षांचं. आजोबा पांडुरंग रामचंद्र ढमढेरे, पेशवाईतले बडे सरदार. त्यांनी नातवाला पुण्यात अडकवून ठेवलंय, अशी तक्रार होती. कोर्टाने हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढला: मुलाला आमच्यापुढे हजर करा. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी त्याची अंमलबजावणी होऊ दिली नाही. पेशवाई बुडून दहाच वर्षं झाली होती. सरदारांना दिलेला मान मोडला तर दख्खन बिथरेल, ही त्यांची धास्ती. ती अगदीच पोकळ नव्हती, हेही सांगायला हवं.

मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्ये वारले, सर चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरमध्ये. तिघांच्या कोर्टात ग्रँट एकटे उरले. हुकूम पाळणार नसाल तर कोर्ट कशाला, म्हणून एप्रिल १८२९ मध्ये त्यांनी कोर्टच बंद केलं! हे मला पटत नाही. माल्कमचं काही अडलं नाही, अडले ते मुंबईचे पक्षकार.

लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींमधली अपिलं ऐकणाऱ्या वरच्या न्यायपीठाने, निकाल दिला की मुंबईबाहेर, कोर्टाच्या अधिकाराखाली नसलेल्या माणसासाठी असा हुकूम काढताच येत नाही. कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या लंडनच्या मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड एलनबरो यांनी तर माल्कमना लिहिलं की दोन नवे न्यायाधीश पाठवतो, त्यांच्यामध्ये ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींमधला रानहत्ती. ते पत्र वर्तमानपत्रात फुटलं. ग्रँट पुढे कलकत्त्याला गेले, १८३३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले.

कायद्याच्या काट्यावर प्रिव्ही कौन्सिल बरोबर असेल. पण ग्रँटनी मागितलं काय होतं? मुलगा लगेच कोणाच्या ताब्यात द्या, असं नव्हे. त्याला समोर आणा आणि कोणत्या अधिकाराने ठेवलंय ते सांगा, एवढंच. सरकार म्हणालं, सरदाराला हे विचारायचं नाही. चौदा वर्षांच्या पोरासाठी ते विचारायलाच हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.