तुम्ही विचारलंत म्हणून: बेट्टाची जोडी सोडण्याआधी

"फायटरची जोडी आणलीय, पिल्लं हवीत. काय तयारी करू?" फायटर म्हणजेच बेट्टा मासा, आणि हा प्रश्न मला सतत येतो. विचारणाऱ्याला बहुधा एवढंच हवं असतं, की नर-मादी एकत्र कधी सोडायची. मी उलट विचारतो: रिकाम्या बरण्या किती आहेत घरात?

तयारी खरं तर तिथून सुरू होते. बेट्टाची मादी एका वेळी दोनशे-तीनशे अंडीही घालू शकते. सगळी जगत नाहीत, पण शंभरेक जगली तरी अडीच-तीन महिन्यांत त्यांतले नर एकमेकांच्या शेपट्या फाडायला लागतात. मग प्रत्येकाला वेगळी बरणी, आणि प्रत्येक बरणीचं पाणी बदलायला तुम्हीच. कुर्ल्याचा किंवा क्रॉफर्ड मार्केटचा दुकानदार घेईल सगळे, या भरवशावर राहू नका. साध्या रंगाच्या बेट्टाला तो भाव देत नाही. पन्नास बरण्यांना जागा नसेल तर जोडी सोडूच नका, असं मी तोंडावर सांगतो. काहींना राग येतो.

त्यानंतर पिल्लांचं खाणं. गप्पी पाळून आलेल्यांची इथे फसगत होते. गप्पीची पिल्लं पहिल्या दिवसापासून चुरलेलं कोरडं खाणं खातात. बेट्टाचं पिल्लू दीडेक दिवसात अंड्यातून निघतं, दोन-तीन दिवस शेपूट खाली सोडून घरट्याला लोंबकळत पोटातल्या बलकावर जगतं, आणि आडवं पोहायला लागलं की त्याला जिवंत, हलणारं आणि अतिशय बारीक असं काही लागतं. पावडर समोरून बुडून गेली तरी ते ढुंकून बघत नाही. म्हणून जोडी सोडायच्या आठवडाभर आधी इन्फ्युजोरिया, म्हणजे पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूक्ष्म जीव, वाढायला लावा: जुन्या टाकीचं पाणी, त्यात कोबीचं पान किंवा केळ्याच्या वाळलेल्या सालीचा तुकडा, आणि बरणी उजेडात. आधी पाणी गढूळ होऊन वास मारेल. ते निवळायला लागलं की खाणं तयार. सोबत मायक्रोवर्मचा, म्हणजे अगदी बारीक जिवंत कृमींचा, डबाही चालू असावा. शिजवलेल्या ओट्सवर चिमूटभर यीस्ट घालून तो छान चालतो, मात्र विरजण दुसऱ्या पाळणाऱ्याकडूनच आणावं लागतं. आर्टेमियाची (कोळंबीसारख्या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या जीवांची) अंडी मिठाच्या पाण्यात हवा सोडून ठेवली की साधारण एका दिवसात फुटतात. त्यातून निघणारे जीव बेट्टाच्या थोड्या मोठ्या पिल्लांना.

टाकीत पाणी चार-पाच इंचच ठेवा. नर खाली पडणारी अंडी तोंडात धरून वरच्या बुडबुड्यांच्या घरट्यात नेतो. खोल पाण्यात तो दमतो. तळाला वाळू नको, फिल्टरचा जोरही नको. हा मासा मूळचा थायलंडच्या भातखाचरांतला, उथळ आणि संथ पाण्यातला. तिथले पाळणारे पाण्यात बदामाचं सुकलेलं पान टाकतात. तेच झाड आपल्या सोसायट्यांच्या आवारात आणि कोकणात जागोजाग आहे, तरी लोक ऑनलाइन पाकीट मागवतात! आपोआप गळलेलं, वाळलेलं, औषध न फवारलेलं पान धुऊन टाका. पाणी चहासारखं होतं आणि बुरशीला थोडा आळा बसतो.

तापमान 27-28 अंश, वर घट्ट झाकण. तीन-चार आठवड्यांची पिल्लं वरची हवा घ्यायला शिकतात, तेव्हा ती हवा गार असेल तर पटापट मरतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे न करताही जमून जातं. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात हीटरशिवाय नादी लागू नका.

आता जोडी. दहा-पंधरा दिवस दोघांना वेगळं ठेवून दिवसातून दोनदा जिवंत खाणं द्या. डासांच्या अळ्यांसारखं दुसरं काही नाही, फक्त अळ्या वाढवायच्या बालदीला बारीक जाळी बांधा. पिल्लांच्या नादात शेजाऱ्यांना डेंग्यू नको. नर वर्षाच्या आतला बघा. दुकानातला जड, लांब शेपटीचा देखणा नर अनेकदा वयस्कर असतो, त्याला मादीभोवती नीट वळताच येत नाही.

मादीचं पोट गोल झालं, पोटाखाली पांढरा ठिपका दिसू लागला आणि नराला बघून अंगावर उभे पट्टे उमटले, की ती तयार आहे. आडवे पट्टे आले तर ती घाबरलेली आहे. तिला मुकाट्याने परत नेऊन आणखी आठवडाभर खाऊ घाला.

तयार मादीला आधी नराच्या टाकीत उभ्या केलेल्या, तळ कापलेल्या पारदर्शक बाटलीत ठेवा. नराने घरटं बांधलं की बाटली उचला. पाठलाग होईल, पंख थोडे फाटतील, तेवढं चालतं; लपायला झाडं हवीतच. दोन दिवसांत काही झालं नाही तर वेगळं करा. अंडी घालून झाली की नर तिला हुसकावतो, त्याच वेळी तिला बाहेर काढा आणि बदामाचं पान घातलेल्या बरणीत एकटी ठेवा. नराला मात्र पिल्लं आडवी पोहायला लागेपर्यंत हलवू नका. रात्री मंद दिवा राहू द्या, म्हणजे खाली पडलेली पिल्लं त्याला दिसतात.