भरतीच्या वेळापत्रकावर चालणारे घर

गेल्या महिन्यात आमच्या पत्रपेटीत करड्या काठाचे पाकीट पडले, तेव्हा ते न उघडताही आत काय असणार हे मला कळले. नेदरलँड्समध्ये निधनाची वार्ता आजही अशा छापील पत्राने कळवली जाते आणि अंत्यविधी कायद्यानुसार सहा कामकाजाच्या दिवसांच्या आत करावा लागतो. सारे काही त्याच दिवशी उरकण्याची सवय असलेल्या मला हे थांबणे सुरुवातीला क्रूर वाटत असे. पण घरच्यांना गेलेल्या माणसाविषयी नीट विचार करून चार शब्द लिहायला तेवढे दिवस लागतात, हे आता समजते.

पत्र शेजारच्या आजोबांच्या निधनाचे होते. माझी मुलगी त्यांना इथल्या पद्धतीने ‘ओपा’ म्हणत असे. इथे अभियंते डॉक्टरांप्रमाणे नावाआधी पदवीची दोन अक्षरे लावतात. आजोबाही अभियंता होते, पण पत्रावर ती नव्हती. ती छापायची नाहीत, अशी त्यांची सूचना होती म्हणे.

आम्ही २०१६ मध्ये मिडलबर्गला राहायला आलो तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. कित्येक महिने मी त्यांना फक्त सायकलींची पंक्चर काढून देणारे आणि विसराळूपणाच्या आजाराने ग्रासलेल्या बायकोचा हात धरून रोज अकराला फिरायला निघणारे गृहस्थ म्हणून ओळखत होते. त्यांच्या स्वयंपाकघरातील कपाटांना दारे नव्हती. दार बंद असले की आत कप आहेत हे आजींच्या लक्षात राहत नसे, म्हणून त्यांनी एका दुपारी सगळी दारे बिजागरांपासून काढून गॅरेजमध्ये ठेवली होती. कपाट उघडे राहिले तर धूळ बसेल, असे मी म्हणाले तेव्हा “धूळ पुसता येते,” एवढेच ते म्हणाले.

समुद्राचा विषय त्यांनी स्वतःहून एकदाच काढला, तोही आम्हाला औवरकेर्कच्या पूरसंग्रहालयात नेले तेव्हा. ३१ जानेवारी १९५३ च्या शनिवारी रात्री उत्तर समुद्राला वादळी उधाण आले, आमच्या या झेलांड प्रांताचे बांध फुटले आणि देशात १,८३६ माणसे दगावली. त्या काळी रेडिओ रात्री बंद असे, त्यामुळे बहुतेक गावांना झोपेतच पाण्याने गाठले. नऊ वर्षांचे आजोबा दोन दिवस माळ्यावर होते. ज्या चार अजस्र काँक्रीटच्या पेट्या बुडवून बांधाचे शेवटचे खिंडार त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बुजवले गेले, त्या पेट्यांच्या आतच हे संग्रहालय आहे. तिथल्या भिंतीवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले आणि मग माझ्या मुलीला सिमेंटच्या सांध्यांविषयी सांगू लागले.

पुढे ते ओस्टरस्खेल्डे या खाडीच्या मुखावरील वादळरोधक बांधाच्या कामावर होते. आधी तिथे पाणी कायमचे अडवणारा बांध घालायचे ठरले होते, पण खाऱ्या पाण्यातली कालवं (ऑयस्टर) आणि शिंपले यांच्यावर जगणारे मच्छीमार आणि निसर्गप्रेमी यांनी इतका विरोध केला की सत्तरच्या दशकात सरकारने बेत बदलला: ६५ खांब आणि त्यांच्यामध्ये ६२ पोलादी दरवाजे, एरवी उघडे, वादळातच बंद. आजोबांच्या घरात यावरून भांडणे झाली. पूर पाहिलेल्या त्यांच्या आईला उघडा बांध हा शुद्ध वेडेपणा वाटे. गंमत अशी की, ज्या शिंपल्यांपायी एवढा खटाटोप झाला त्यांचीच लॅटिन नावे कामावरच्या जहाजांना दिली गेली; खांब उचलून नेणाऱ्या जहाजाचे नाव होते ‘ओस्ट्रेआ’, म्हणजे कालव.

बाकीचे मला अंत्यविधीच्या वेळी कळले. प्रार्थना नव्हती, तिन्ही मुले एकेक करून बोलली. थोरली मुलगी म्हणाली की कोरड्या गोदीत बांधलेले, १८,००० टनांपर्यंत वजनाचे ते खांब जागेवर बसवायचे तर भरती आणि ओहोटी यांच्यामधला, प्रवाह थबकण्याचा थोडाच अवधी हाती असे. तो कधी पहाटे येई, कधी ऐन जेवणाच्या वेळी. इथली कुटुंबे संध्याकाळी सहाला जेवायला बसतात म्हणजे बसतातच. त्यांच्या घरी मात्र १९८३ पासून भिंतीवर भरतीचे वेळापत्रक टांगलेले असे आणि पाणी कधी थबकणार ते पाहून आई बटाटे उकडायला ठेवत असे. वडिलांना जेवणाच्या वेळेला पोहोचता येत नव्हते, म्हणून त्यांनी जेवणाचीच वेळ हलवली होती. ४ ऑक्टोबर १९८६ ला राणी बेआट्रिक्स यांच्या हस्ते बांधाचे उद्घाटन झाले, त्या समारंभाविषयी तिन्ही भाषणांत एक शब्दही नव्हता. मला ते योग्यच वाटले.

नंतर कॉफी आणि केकचा एकेक तुकडा. सगळे रांगेने ‘खेकोंडोलेअर्ट’ हा सांत्वनाचा शब्द म्हणत हात मिळवत होते. इतकी वर्षे इथे राहूनही हा शब्द माझ्या तोंडून नीट निघत नाही. मी आजींसमोर वाकले आणि हात जोडले. त्यांनी मला ओळखले नाही, पण हात धरून ठेवला. त्यांच्यापुढे कॉफीचे दोन कप होते. एकाला त्या हात लावू देत नव्हत्या.

“पाणी कधी थबकणार आज?” त्यांनी मुलीला विचारले.

मुलीने आमच्याकडे पाहिले नाही. पिशवीतून फोन काढला, त्या दिवसाचे वेळापत्रक खरोखर शोधले आणि म्हणाली, “सव्वासहाला, आई.”

आजींनी मान डोलावली आणि त्या कपावर बशी झाकली.