मणका सरकलाय, तर बसवून का घेत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वर्षभरात हा प्रश्न मला वाण्यापासून विहीणबाईंपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. वर पत्ताही देतात: अमुक गावात एक म्हातारा आहे, अंगठ्याने दाबतो, कट्ट वाजतं की झालं!

खांदा एका झटक्यात निखळतो, म्हणून तो बसवता येतो. माझ्या कंबरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे यायला कित्येक वर्षं लागली. मधली गादी झिजून पातळ झाली, मागचे छोटे सांधे सैल पडले, आणि मणका हळूहळू घसरला. पन्नाशीनंतर बायकांना हे जास्त होतं, आणि बहुतेक वेळा याच जोडीत. तरुणांचं वेगळं. त्यांच्या मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक चीर पडते, वेगवान गोलंदाजांना पडते तीच. त्या चिरेमुळे मणका पुढे सरकला, तरी नाव मात्र दोन्हीला एकच, स्पॉन्डिलोलिस्थेसिस. (शेजारच्या काकू स्पॉन्डिलायटिस म्हणतात. मी दुरुस्त करणं सोडलंय.)

माझं कळलं ते मंडईमुळे. दहा मिनिटं चाललं की पोटऱ्या जड, पायांना मुंग्या. मग मी एखाद्या हातगाडीवर कोपरं टेकून वांगी निवडल्यासारखं करायची. दोन मिनिटांत पाय हलके! भाजीवाली वैतागायची, "ताई, पाव किलोला किती निवडाल?" डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, वाकल्यावर बरं वाटतं का? वाकलं की नसा जातात ती नळी जरा मोकळी होते, ताठ उभं राहिलं की आवळते.

उभ्याने, वाकून आणि मागे झुकून एक्स-रे काढले. मणका पाव भागाच्या आत सरकलाय, म्हणजे ग्रेड १. ही मोजणी १९३२ सालची, मेयरडिंग नावाच्या डॉक्टरांची. सध्या पोटाचे नि पाठीचे व्यायाम चालू आहेत, कंटाळवाणे पण उपयोगी. पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा बसायची जागा बधिर झाली, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, असं बजावून ठेवलंय.

आणि गंमत म्हणजे, ऑपरेशन करतात तेव्हाही माझ्यासारख्या केसमध्ये बऱ्याचदा मणका पूर्ण मागे ओढत नाहीत. नसांवरचा दाब काढतात आणि स्क्रू-रॉड घालून आहे तिथेच पक्का करतात. सर्जन जे करायला जात नाहीत, ते अंगठ्याने कसं व्हायचं?

त्या म्हाताऱ्याचा पत्ता आतापर्यंत चौघांनी दिला. चौघांची गावं वेगवेगळी.