आमची वाटचाल: आधी प्ले शोधायचा, मग गिअर कापायचा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये सुरुवात झाली ती उसाच्या मिलचे पिनियन, म्हणजे रोलर फिरवणारे गिअर, कापून देण्यापासून. त्या कामात बॅकलॅश, म्हणजे एकमेकांत बसलेल्या दात्यांमधली ढिलाई, कमी करायचा नसतो. ऊस आत शिरला की वरचा रोलर उचलला जातो, दोन गिअरमधलं सेंटर अंतर बदलतं. म्हणून दाते उंच आणि ढिलाई मुद्दाम सोडलेली.

पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून रोटरी टेबल, डिव्हायडिंग हेड, इंडेक्सिंगचे (जॉब ठरावीक कोनात फिरवून थांबवायचे) गिअरबॉक्स येऊ लागले. तिथे प्रश्न अगदी उलटा: ढिलाई कमी करायची.

गिअरबॉक्स आला की आम्ही आधी प्ले (ढिलेपणा) नक्की कुठे आहे ते बघतो. पिनियन (जोडीतला लहान गिअर) लॉक करायचा, डायल गेजचं टोक पिच सर्कलवर, म्हणजे साधारण दात्याच्या मध्यउंचीवर, दात्याच्या बाजूला काटकोनात टेकवायचं, मोठा गिअर हाताने मागे-पुढे करायचा. मग तोच डायल शाफ्टवर लावून शाफ्ट उचलून बघायचा. पुष्कळदा बराचसा प्ले बेअरिंगमध्ये किंवा झिजलेल्या कीवेत (गिअर शाफ्टवर पक्का करणाऱ्या चावीच्या खाचेत) निघतो. अशा वेळी नवा गिअर घातला तरी फरक पडत नाही, गिऱ्हाइकाचे पैसे मात्र जातात.

रीडिंग एका जागी घेऊन भागत नाही. गिअर फिरवत आठ ठिकाणी घ्यायचं आणि सर्वांत घट्ट जागेवर सेटिंग करायचं. ढिल्या जागेवर केलं तर फेरी पूर्ण व्हायच्या आत दाते जाम होतात. रोटरी टेबलात हे हमखास घडतं: रोज वापरातला भाग झिजलेला, बाकीचा व्हील कोरा. तिथे वर्म (व्हील फिरवणारा स्क्रूसारखा गिअर) कितीही आत ढकला, उपयोग नाही. व्हीलच बदलावं लागतं.

२० अंश प्रेशर अँगलच्या (दात्याच्या बाजूच्या कलाच्या) स्पर, म्हणजे सरळ दात्यांच्या, गिअरमध्ये सेंटर ०.१ मिमी जवळ आणलं की बॅकलॅश साधारण ०.०७ मिमी कमी होतो. एक्सेंट्रिक बुश (भोक मध्यापासून सरकलेला बुश) फिरवून हे जमतं. शून्यावर मात्र आणायचं नाही. गिअर तापून फुगतो, तेलाच्या थराला जागा लागते. मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) ४ आणि २०० मिमी सेंटर असलेल्या साध्या गिअरबॉक्सला आम्ही किमान ०.१९ मिमीच्या आसपास सोडतो.

हलक्या इंडेक्सिंगला दोन पाकळ्यांचा स्प्रिंगवाला गिअर (दोन पातळ चकत्या, स्प्रिंगने उलट दिशेला ताणलेल्या) चांगला. पण कामाचा टॉर्क स्प्रिंगच्या ताकदीपेक्षा जास्त झाला की पाकळ्या सरकतात आणि बॅकलॅश परत दिसतो. त्यामुळे जड कामाला आम्ही डुप्लेक्स वर्म सुचवतो. त्याच्या दात्याच्या दोन बाजूंचा लीड (एका फेरीत पुढे सरकण्याचं अंतर) वेगळा, म्हणून दात्याची जाडी एका टोकाकडे वाढत जाते. वर्म अक्षाच्या दिशेने सरकवला की सेंटर न हलवता ढिलाई भरते. वर्मची जागा ठरवणारी शिम (पातळ चकती) आम्ही दोन अर्ध्या चकत्यांची करतो, म्हणजे पुढच्या वेळी वर्म न उतरवता कव्हर ढिलं करून ती बाहेर काढता येते, घासून पुन्हा बसवता येते. घासताना एका वेळी ०.०५ मिमीच, आणि दरवेळी टेबलची पूर्ण फेरी हाताने.