छोट्या विनंतीची मोठी रांग

इंटरनेटचा स्पीड वाढवून घेतला तरी वेबपान उघडायला लागायचा तेवढाच वेळ लागतो, ही तक्रार रास्त असते. पान मागणारी विनंती असते जेमतेम एक-दोन केबीची. रस्ता किती रुंद आहे याचं तिला सोयरसुतक नसतं. तिचा जीव जातो रांगेत आणि सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याच्या हेलपाट्यांत.

रांग बघायची असेल तर पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवून मोठी फाइल अपलोडला लावा. २० मिलिसेकंदांचं उत्तर हजारावर गेलं, की मोडेममधला बफर, म्हणजे पॅकेटांची (डेटाच्या तुकड्यांची) थांबायची जागा, तुंबला समजा. अपलोड २ एमबीपीएस आणि भरलेला बफर २५६ केबी असेल, तर तो उपसायला सेकंदभर लागणारच. मागून आलेली डीएनएसची (साइटच्या नावावरून पत्ता विचारणारी) चिमुकली चौकशीही तेवढीच ताटकळते. पॅकेट गळू नये म्हणून बफर मोठा ठेवतात. पण काही गळलंच नाही, तर पाठवण्याचा वेग सांभाळणाऱ्या बिचाऱ्या टीसीपीला हात आखडता घ्यायचं कळणार कसं?

उतारा म्हणजे राउटरमधलं एसक्यूएम, म्हणजे रांग आवरणारी सोय. मोजलेल्या अपलोडच्या ९० टक्क्यांवर मर्यादा घाला. मग रांग मोडेमऐवजी आपल्या राउटरमध्ये लागते आणि एफक्यू-कोडेल ही पद्धत तिला शिस्त लावते. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली मांडलेलं त्यातलं कोडेल रांगेची लांबी बघतच नाही, पॅकेट किती वेळ खोळंबलं ते बघतं. १०० मिलिसेकंदांत हा खोळंबा एकदाही ५च्या खाली आला नाही, की पॅकेट टाकायला सुरुवात. गेलेल्या दहा टक्के वेगासाठी हळहळणारे भेटतात. हळहळू द्यावं.

दुसरं दुखणं प्रोग्रॅममध्येच असतं. विनंतीचं हेडर (सुरुवातीची माहिती) एका राइटमध्ये, म्हणजे पाठवण्याच्या एका खेपेत, मजकूर दुसऱ्यात. टीसीपीतला १९८४चा नेगलचा नियम म्हणतो, पहिल्याची पोच येईपर्यंत दुसरा तुकडा सोडायचा नाही. पलीकडचा संगणक म्हणतो, उत्तरासोबतच पोच देऊ. दोघंही सभ्यपणे एकमेकांची वाट बघत बसतात, लिनक्सवर बहुधा ४० मिलिसेकंद. प्रत्येक विनंतीत नेमके ४० जास्त दिसले, तर चोर हाच. टीसीपी-नोडिले (नेगलचा नियम बंद करणारा पर्याय) लावा, त्याहून बरं, सगळं एकाच राइटमध्ये द्या.

राहिले हेलपाटे. नव्या जोडणीत टीसीपीचा एक, जोडणी सुरक्षित करणाऱ्या टीएलएस १.२चे दोन (१.३ असेल तर एक), मग खुद्द विनंतीचा. एक हेलपाटा ८० मिलिसेकंदांचा धरला तर चारांचे ३२०; उघडी ठेवलेली जोडणी ८०त काम भागवते. मात्र सर्व्हर ६० सेकंदांनी रिकामी जोडणी मिटवत असेल आणि क्लायंट (विनंती पाठवणारा प्रोग्रॅम) ती ९० सेकंद जपत असेल, तर अधूनमधून एखादी विनंती बंद दारावर आपटते. क्लायंटची मुदत ५०-५५ सेकंदच ठेवावी.