डग्गा कुठे गप्प झाला? शाळेत संगीताची कानाची परीक्षा घेताना

आठवी-नववीच्या मुलांना संगीताचा पेपर कधी जड जात नाही. दहा थाटांची, म्हणजे रागांच्या मूळ स्वरसमूहांची, नावं लिहा, तीनतालाची माहिती लिहा, वादी-संवादी म्हणजे काय ते सांगा. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलं की काम झालं. ज्या मुलाचा सा तानपुऱ्याला कधी लागलेला नाही, तोही बिलावल-कल्याण-खमाजपासून तोडीपर्यंत दहाही थाट घडाघडा लिहितो आणि पैकीच्या पैकी घेतो. भजनाला ढोलकी धरणारा, ठेका कधीही न सोडणारा मुलगा मात्र ‘व्याख्या अपूर्ण’ म्हणून मागे राहतो. हे मला फार वर्षं टोचत होतं.

मी नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूच्या एका मराठी शाळेत संगीत शिकवते. आमचा विषय श्रेणीचा, म्हणजे गणित-विज्ञानाची उजळणी अडली की पहिला तास आमचाच जातो. गेल्या वर्षी मुख्याध्यापिका मॅडमनी विचारलं, ‘या श्रेणीला आधार काय? पालकांनी विचारलं तर दाखवायचं काय?’ मी म्हटलं, मला ऐकण्याची परीक्षा घेऊ द्या. त्यांनी दोन अटी घातल्या. एका तासात उरकायची आणि प्रत्येक मुलाची लेखी उत्तरपत्रिका राहिली पाहिजे. तोंडी परीक्षा घ्यायला माझी हरकत नव्हती, पण साठेक मुलांच्या वर्गात एकेकाला समोर बसवायचं तर अख्खं सत्र जातं. म्हणून ४० गुणांचा पेपर ठरला. त्यातले २५ गुण ऐकून लिहायचे आणि १५ शास्त्राचे.

अशा परीक्षा बाहेर फार पूर्वीपासून आहेत. अमेरिकेत कार्ल सीशोर या मानसशास्त्रज्ञाने १९१९ सालीच ग्रामोफोनच्या तबकड्यांवर चाचणी काढली होती. दोन नाद ऐकवायचे आणि दुसरा वरचा की खालचा ते मुलाने सांगायचं. चार-पाच स्वरांची ओळ दोनदा वाजवायची आणि दुसऱ्या वेळी कुठला स्वर बदलला ते ओळखायचं. मी हे वाचलं आणि त्यातलं थोडंच घेतलं. सुटे नाद ओळखणं हा कानाचा गुण आहे खरा, पण आपल्याकडे स्वराला अर्थ येतो तो सा ठरल्यावर. सा नसेल तर रे नाही आणि गही नाही. शिवाय ‘वर की खाली’ असं विचारलं की काहीही न ऐकणाऱ्या मुलाचीही निम्मी उत्तरं नुसत्या अंदाजाने बरोबर येतात. त्यामुळे शक्य तिथे मुलांनी आकडाच लिहावा किंवा ओळीवर खूण करावी, असं मी ठरवलं.

पेपर खऱ्या अर्थाने उभा राहिला तो तीनतालावरून, म्हणजे सोळा मात्रांच्या (ठोक्यांच्या) तालावरून. आमच्या शाळेत तबल्याला एक सर येतात. त्यांच्याकडून मी मध्यलयीत साधा ठेका मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेतला, मिनिटाला साठ मात्रांच्या आसपास. प्रश्न सुचत होता तो नेहमीचाच, ‘खाली कितव्या मात्रेवर?’ खाली म्हणजे जिथे टाळी न देता हात मोकळा दाखवतात ती जागा. ऐकता ऐकता सरच म्हणाले, ‘मॅडम, हे विचारून काही उपयोग नाही. नऊ तर सगळ्यांनाच पाठ आहे.’ मग आम्ही दोघांनी ठेका पुन्हा पुन्हा लावला. धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा. खाली नवव्या मात्रेवर असते हे पुस्तकात आहे आणि ते बरोबरच आहे. पण नवव्या मात्रेवर ‘धा’च वाजतो, डग्ग्यासकट, म्हणजे डाव्या हाताच्या घुमणाऱ्या वाद्यासकट. डग्ग्याची घुमारी थांबते ती दहाव्या मात्रेला, तिं वर. पुढे तेराव्या मात्रेला टाळी आली तरी बोल ‘ता’, म्हणजे डग्गा अजून गप्पच. तो परततो चौदाव्याला.

म्हणून प्रश्न असा केला: ‘डग्गा कितव्या मात्रेपासून गप्प होतो आणि कितव्या मात्रेला परत येतो?’ उत्तर दहा आणि चौदा. ‘खाली कितव्या मात्रेवर’ हा प्रश्न शास्त्राच्या भागात वेगळा ठेवला, त्याचं उत्तर नऊ. एकाच ठेक्याची ही दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. ज्याने ऐकलं तो दहा लिहिणार आणि ज्याने नुसतं पाठ केलं तो दोन्हीकडे नऊच लिहिणार.

झालंही तसंच. क्लासला जाणाऱ्या, परीक्षा पास झालेल्या बऱ्याच मुलांनी दोन्हीकडे नऊच लिहिलं. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाने दहा आणि चौदा असं स्वच्छ लिहिलं होतं. त्याच्या घरी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांचं मंडळ आहे. तो खंजिरी वाजवतो, ढोलकीही वाजवतो. मी त्याला विचारलं, खाली नवव्यावर असते ना? तो म्हणाला, ‘असंल मॅडम, पण नवव्यावर तर धा वाजला ना. दहाव्यावर घुमणं बंद होऊन राहिलं.’ विभाग, टाळी, खाली या शब्दांची व्याख्या त्याला लिहिता आली नाही, त्यामुळे शास्त्रात त्याला १५ पैकी जेमतेमच गुण पडले. पण त्याच्या कानात अख्खं आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, मांडलेलं होतं. इतकी वर्षं आपण या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘क’ लिहीत आलो, हे तबल्याचे सर मला म्हणाले तेव्हा आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

रागांच्या भागाला मात्र बरीच खटपट लागली. आठवीच्या मुलांना भूप आणि देशकार ओळखायला लावायचं नाही, हे आधीपासून पक्कं होतं. दोघांचे स्वर तेच आहेत. भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर, देशकारात धैवत (ध), आणि चलन, म्हणजे राग कसा चालतो ते, कळायला वर्षं जातात. या वयाला भूप आणि दुर्गा ही जोडी ठीक. दोन्ही पाच-पाच स्वरांचे. भूपात सा रे ग प ध, दुर्गामध्ये सा रे म प ध. ग आहे की म आहे, एवढंच ऐकायचं. नववीच्या एका तुकडीवर आधी चाचणी घेतली, शाळेत प्रार्थनेला वापरतो त्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर. भूपाच्या तुकड्यावर बऱ्याच मुलांनी ‘दुर्गा’ लिहिलं. त्यांत चांगल्या कानाची मुलंही होती, म्हणून मी उत्तरपत्रिका बाजूला सारून आधी तो तुकडा त्याच स्पीकरवर पुन्हा ऐकला.

कारण सापडलं. तानपुऱ्याच्या चार तारा म्हणजे मंद्र (खालचा) पंचम, जोडीचे दोन सा आणि खर्जाचा, म्हणजे सगळ्यात खालचा सा. हाताएवढ्या स्पीकरमधून खर्ज जवळपास येतच नाही, तेवढा खालचा नाद त्याला पेलत नाही. जोडीही माझ्या आवाजाखाली दबली होती आणि ऐकू येत होता तो ठळक पंचम. आता भूपाचे स्वर पंचमाला सा मानून मोजा. प, ध, सा, रे, ग यांचे होतात सा, रे, म, प, ध. म्हणजे दुर्गाच! मुलांनी जे ऐकलं तेच लिहिलं होतं, त्यांच्यापर्यंत सा पोचलाच नव्हता. मूर्च्छना नावाचा हा प्रकार मी आजवर पदवीच्या पुस्तकातली गोष्ट समजत होते, तो चौदा वर्षांच्या मुलांनी उत्तरपत्रिकेत करून दाखवला. त्यानंतर २६ जानेवारीच्या कार्यक्रमाला लावतो तो मोठा साउंड बॉक्स वर्गात आणला. प्रत्येक तुकड्याआधी नुसता तानपुरा ठेवला आणि मुलांनी सा मनात गुणगुणायचा, मग तुकडा ऐकायचा, असा क्रम केला. ‘दुर्गा’ लिहिणाऱ्यांची संख्या लगेच उतरली.

दुसरा बदल असा की सा एकाच पट्टीत ठेवला नाही. पहिला तुकडा काळी चारमध्ये, पुढचा पांढरी दोनमध्ये. पेटीवर शिकलेली काही मुलं स्वराऐवजी पट्टीची जागा लक्षात ठेवतात आणि सा सरकला की त्यांचा ग हरवतो. एक मुलगी नंतर म्हणाली, ‘मॅडम, सा काहून बदलला? तेच गाणं वेगळं वाटून राहिलं.’ तिला मी उत्तर दिलं नाही, तेच गाणं दोन्ही पट्ट्यांत गाऊन दाखवलं. तिसऱ्यांदा ती माझ्याबरोबर गायला लागली.

आवाजाचा बंदोबस्त हे नागपुरात वेगळंच प्रकरण. मार्चमध्ये वर्गात कूलर सुरू झाले की तानपुरा ऐकू येणं विसरा. परीक्षा जानेवारीच्या शेवटी सकाळच्या पाळीत घेतली. रस्त्याच्या बाजूचा वर्ग सोडून मागच्या मैदानाकडचा घेतला, पंखे बंद केले, आणि ट्यूबलाइटही बंद केल्या, कारण त्यांची जुनी चोक घूं करत असते. वीज ५० हर्ट्झची असल्याने ती गुणगुण १०० हर्ट्झवर येते आणि शांत वर्गात मुलांचा कान तिच्याकडे ओढला जातो. लग्नसराईत डीजेची वरात गेली तर काय करायचं, तेही आधी ठरवून ठेवलं होतं. तो तुकडा बाद, आणि शेवटी राखून ठेवलेला जादा तुकडा लावायचा.

कॉपीचा प्रश्न तर मला कुठल्याच प्रश्नपत्रिकेत भेटला नव्हता असा निघाला. मुलं मात्रा बोटांच्या पेरांवर मोजतात, टाळी-खाली हाताने दाखवतात. शेजारचा हात पाहिला की उत्तर मिळतं. हात बांधायला सांगणं मला मान्य नव्हतं. हातावर ताल धरणं ही आपली शिकण्याचीच रीत आहे, ती परीक्षेत बंद कशी करायची? वर्गात आवाज सगळ्यांना एकच जाणार, म्हणून मग प्रश्नच दोन प्रकारचे केले. झपतालाचा तुकडा लागला की एका रांगेला विचारायचं, ‘एका आवर्तनात मात्रा किती?’ शेजारच्या रांगेला, ‘ठेका कितव्या मात्रेवर थांबला?’ मग शेजाऱ्याच्या बोटांचा काही उपयोग नाही, आपलंच मोजावं लागतं.

स्वर ऐकून लिहायच्या प्रश्नात गुण कसे द्यायचे यावर आम्ही बराच खल केला. सा रे ग प ग ऐकून एखाद्याने सा रे ग म ग लिहिलं, तर त्याने चढ-उतार बरोबर पकडलाय, उडी लहान ऐकलीय. त्याला शून्य देणं अन्याय आहे. दिशेला एक गुण आणि नेमक्या स्वरांना एक, अशी विभागणी केली.

शास्त्राच्या भागात थाटांची यादी काढून टाकली आणि स्वरलिपी वाचायला दिली. तिथे दोन पद्धती एकमेकींना भिडल्या. मी फळ्यावर पं. भातखंड्यांची लिपी लिहिते, तर क्लासमधून येणारी अनेक मुलं पं. पलुस्करांची शिकून येतात. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, त्या परंपरेची ती लिपी. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे वरचं, तार सप्तक, पलुस्कर पद्धतीत तेच टिंब खालच्या, मंद्र सप्तकाचं. डोक्यावर उभी रेघ असलेला म भातखंड्यांकडे तीव्र मध्यम, पलुस्करांकडे तार सप्तकातला मध्यम. मुलाचं उत्तर चूक दिसतं, पण तो त्याच्या गुरूंनी शिकवलं तेच वाचत असतो. म्हणून प्रश्नाच्या वरच लिहिलं, ‘ही ओळ भातखंडे पद्धतीत आहे’, आणि खाली चार चिन्हांची किल्ली दिली. मला चिन्हांची पाठांतरं तपासायची नव्हती, ओळ वाचता येते का ते पाहायचं होतं.

निकालानंतर पालकसभेत अपेक्षित प्रश्न आला. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, ते याने मिळतील का? नाही, त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेच्याच परीक्षा द्याव्या लागतात, हे मी स्पष्ट सांगितलं. काही पालकांचा रस तिथेच संपला. ढोलकीवाल्या मुलाचे वडील मात्र थांबले. उत्तरपत्रिकेवरच्या त्या दहा आणि चौदाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘हे मले समजावून सांगा जी.’ मी मोबाइलवर ठेका लावला. पहिल्याच आवर्तनात त्यांची मान दहाव्या मात्रेला हलली. समजावून सांगायला काही उरलंच नाही. आता प्रगतिपुस्तकात ऐकणं आणि शास्त्र अशा दोन वेगळ्या श्रेणी द्यायला मुख्याध्यापिका मॅडमनी परवानगी दिली आहे.

यंदा रूपक ताल घ्यायचा आहे आणि त्यावर तबल्याच्या सरांचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. ती ती ना । धी ना । धी ना. सात मात्रांच्या या तालात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, खालीवरच येते, डग्गा चौथ्या मात्रेला बोलतो. पहिल्यांदा ऐकणारं मूल तिथेच सम धरणार. सर म्हणतात, सम पहिलीच, चौथीला गुण नाहीत. माझं म्हणणं, आधी ‘ठेका कुठे भरतो’ असं विचारू आणि त्याला चौथीचे पूर्ण गुण देऊ. ‘सम कुठे’ ते पुढच्या प्रश्नात येईल. सरांनी रूपक दोन लयींत वाजवून दिला आहे. पुढच्या शनिवारी आठवीच्या एका तुकडीला तो दोन्ही प्रकारांनी विचारून पाहणार आहोत.