ते सगळं एकाच रात्री लावायचं नसतं

तर झालं असं की माझ्याकडे एका वेळी चेहऱ्याला लावायच्या चार बाटल्या झाल्या होत्या आणि मला वाटायचं घेतल्यात तर वापरायला नकोत का. म्हणून रात्री सॅलिसिलिकचा फेसवॉश, मग ग्लायकॉलिकचं टोनर, त्यावर रेटिनॉल, आणि सकाळी उठून परत व्हिटॅमिन सी. पहिले दहा-बारा दिवस चेहरा असला चमकत होता की मी आरशासमोरून हलत नव्हते. तो ग्लो नव्हताच मुळी, सोललेली कातडी चमकत होती, हे कळायला तिसरा आठवडा उजाडला. साध्या पाण्याने तोंड धुतलं तरी चरचरायचं, नाकाच्या बाजूने साल निघालेली, आणि जे मॉइश्चरायझर वर्षभर लावत होते तेच झोंबायला लागलं. नेहमीचं साधं क्रीम झोंबलं की समजायचं बॅरिअरची वाट लागलीये.

बॅरिअर म्हणजे त्वचेचा सगळ्यात वरचा थर. चेहऱ्यावर तो एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणजे काहीच नाही. त्यातल्या मेलेल्या पेशींना धरून ठेवणारं जे असतं ते सॅलिसिलिक-ग्लायकॉलिकसारखी ऍसिडं सैल करतात, त्यांचं कामच ते, आणि रेटिनॉल खालून नव्या पेशींची घाई करतं. दोन्ही चांगलीच कामं आहेत हो, पण रोज दोन्हीकडून ओढाताण केली की तो थर टिकणार कसा.

आणि आपण सगळे विचारतो काय, तर "याच्यावर ते चालतं का?", जसं काही तोंडावर स्फोटच होणार आहे. खरं तर एकमेकांना बिघडवणाऱ्या जोड्या फार थोड्या आहेत. व्हिटॅमिन सी आणि नायसिनामाइड (म्हणजे व्हिटॅमिन बी३) एकत्र लावू नका हे अजून सगळीकडे सांगतात, पण ती भीती जुन्या प्रयोगांवरून आलीये ज्यात दोन्ही एकत्र तापवले होते, आणि आपल्या गालावर कोणी शेगडी पेटवत नाही. मी दोन्ही बिनधास्त लावते. नायसिनामाइड तर उलट बॅरिअरला मदतच करतं, तेही ४-५ टक्के पुष्कळ झालं, १० टक्केवालं मला नुसतं लाल करायचं.

बेन्झॉइल पेरॉक्साइडची, म्हणजे पिंपल्सच्या औषधाची, गोष्ट मात्र खरी आहे. ते ट्रेटिनॉइनला, म्हणजे रेटिनॉलच्या जास्त कडक भावंडाला, मोडून टाकतं, म्हणून एक सकाळी एक रात्री असं सांगतात. पण त्याच कुटुंबातल्या अडापलीनचं तसं होत नाही, ०.१ टक्के अडापलीन आणि २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड एकाच जेलमध्ये मिळतं, डॉक्टर लिहून देतात. आणि २.५ टक्केवालं पिंपल्सवर जवळजवळ १० टक्क्यांइतकंच काम करतं, जळजळ मात्र कमी, मग जास्त आकड्याच्या मागे का लागायचं. (टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढराच घ्या, रंग उडतो. माझा निळा टॉवेल आता चितकबरा आहे.)

म्हणून मी आता जोड्या बघत नाही, चेहऱ्याला आठवड्यात एकूण किती त्रास दिला ते मोजते. दोन रात्री रेटिनॉल, मटारच्या दाण्याएवढं, तेही कोरड्या चेहऱ्यावर, आधी मॉइश्चरायझर आणि नंतर पण मॉइश्चरायझर. एक रात्र ऍसिड, एकच. बाकीच्या रात्री फक्त मॉइश्चरायझर, आणि सुरुवातीला या रिकाम्या रात्री मला फार वाया गेल्यासारख्या वाटायच्या पण चेहरा सुधारला तो त्यांच्यामुळेच. सकाळी व्हिटॅमिन सी आणि सनस्क्रीन, दोन बोटं भरून. सनस्क्रीन लावायचा कंटाळा असेल तर ऍसिडच्या भानगडीत पडूच नका, कारण ग्लायकॉलिक वगैरे बंद केल्यावरसुद्धा आठवडाभर उन्हाचा त्रास जास्त होऊ शकतो.

नवीन काही आणलं तर आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला तीन-चार दिवस लावून बघते, मग चेहऱ्यावर, आणि पुढची नवी बाटली महिनाभर उघडत नाही. नाहीतर लाल झाल्यावर दोष कोणाला द्यायचा तेच कळत नाही, माझं तेच झालं होतं, चारही बाटल्यांवर संशय. आणि प्रेग्नन्सीत किंवा प्लॅन करत असाल तर रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अडापलीन सगळं बाजूला ठेवायचं, तिथे "थोडंसं लावलं तर काय होतंय" चालत नाही.

मला बरं व्हायला जवळपास पाच आठवडे लागले. त्यात फक्त सौम्य फेसवॉश, जाड मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. तो ग्लायकॉलिक टोनर अजून अर्धा शिल्लक आहे, आता कोपरांना लावते.